कंपनी जोरात नफ्यात, साहेबांचं पॅकेज आभाळाला आणि आपल्याला ६ टक्के: हे ठरतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कंपनीला सलग तीन वर्षं दणकून नफा झाला, तरी खालच्या सगळ्यांना सरसकट ६ टक्के वाढ मिळाली आणि त्याच वर्षी सीईओचं पॅकेज ४० टक्क्यांनी वाढलं. हे ठरवतं कोण? आणि साहेबाचा पगार कापून सगळ्यांना वाटला तर काही फरक पडेल का?

मी बावीस वर्षं हेच काम केलंय. आधी एचआरमध्ये राहून वेतनकरार केले, मग कन्सल्टंट म्हणून वरच्या लोकांची पॅकेजेस बसवून दिली. म्हणजे दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, तेव्हा जे सांगतोय ते थोडं कबुलीजबाबासारखं वाटलं तर वाटू दे.

दुसरा प्रश्न आधी उरकतो. समजा कंपनीत २०,००० लोक आहेत आणि साहेबाला मधल्या माणसाच्या ३०० पट मिळतात. साहेबाला शून्यावर आणून ते सगळं वाटलं तर ३०० भागिले २०,०००, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मधल्या पगाराच्या दीड टक्का. बस. हा हिशेब मॅनेजमेंटवाले फार आवडीने सांगतात, मीही टेबलावर दोन-तीनदा सांगितलाय, आणि तो बरोबर आहे. फक्त तो सांगितला की समोरचा गप्प बसतो आणि खरा विषय टेबलावर येतच नाही, हा त्याचा मुख्य उपयोग. (कंपनी १,५०० माणसांची असेल आणि पट तोच असेल तर हाच आकडा २० टक्के होतो बरं का, तेव्हा कुणी हा हिशेब तोंडावर फेकला तर आधी माणसं किती ते विचारा.)

आता पहिला प्रश्न, हे ठरतं कसं. लोकांना वाटतं नफ्याचा एक मोठा डबा असतो, त्यातून साहेब ओंजळ भरून घेतो आणि आपल्याला चमचा मिळतो. तसं नसतं. दोन वेगळ्या खोल्या असतात, दोन्हीत वेगळा प्रश्न विचारला जातो, आणि नफा हा शब्द त्यातल्या एकाच खोलीत उच्चारला जातो.

खालची खोली म्हणजे पगारवाढीचं बजेट किंवा वेतनकरार. तिथे विचारला जाणारा प्रश्न असतो: कमीत कमी किती दिलं तर माणसं टिकतील आणि काम बंद पडणार नाही? फायनान्सकडून एक टक्का येतो, त्यात महागाई किती, बाजारात इतर किती देतायत आणि सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण किती एवढं बघितलेलं असतं. कंपनीला किती नफा झाला हा कॉलम त्या शीटमध्ये नसतोच. मी असली किमान पंधरा शीटं बनवली असतील, एकातही नव्हता. पण वर्ष वाईट गेलं की मात्र तोच कॉलम लगेच उगवतो, "परिस्थिती तुम्ही बघताच आहात" म्हणून. तोटा खाली झिरपतो, नफा झिरपत नाही, आणि हे कुणी मुद्दाम बसून ठरवलेलं नाही, ती पद्धतच तशी पडलीय.

वरची खोली म्हणजे बोर्डाची रेम्युनरेशन कमिटी, बड्या अधिकाऱ्यांचे पगार ठरवणारी. तीन-चार डायरेक्टर, बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत स्वतः साहेब असलेले किंवा होऊन गेलेले, आणि टेबलाच्या कोपऱ्यात माझ्यासारखा एक कन्सल्टंट लॅपटॉप उघडून. तिथे प्रश्न असतो: आपल्यासारख्या कंपन्या त्यांच्या साहेबाला किती देतात, आणि आपला सोडून गेला तर? सगळी गोम आहे ती "आपल्यासारख्या" या शब्दात. याला पिअर ग्रुप म्हणतात. बारा-पंधरा कंपन्यांची यादी करायची, त्यांच्या साहेबांचे पगार चढत्या क्रमाने मांडायचे, मीडियन म्हणजे बरोबर मधला आकडा काढायचा.

एकदा माझ्या यादीत १४ कंपन्या होत्या. चेअरमननी चष्मा वर केला आणि म्हणाले, "ह्या खालच्या दोन जरा लहान नाही का वाटत?" वाटत होत्या खऱ्या, थोड्याशा. काढल्या. मग कुणीतरी म्हणालं की अमकी कंपनी पण आपली कॉम्पिटिटरच आहे की, आणि ती अन् तिच्यासारखी आणखी एक आत आली, दोन्ही आमच्या दुप्पट मोठ्या. चहा गार व्हायच्या आत मीडियन १८ टक्क्यांनी वर गेला. कुणीही खोटं बोललं नव्हतं, एकही आकडा चुकीचा नव्हता. त्यावर मग "आपला माणूस काही ॲव्हरेज नाही" म्हणून ७५ वा पर्सेंटाइल धरला, म्हणजे यादीतल्या तीन-चतुर्थांश साहेबांच्या वरचा आकडा. आता प्रत्येक कंपनीच्या बोर्डाला आपला साहेब सरासरीपेक्षा भारी वाटतो, आपलं ते बाब्या दुसऱ्याचं ते कार्टं, मग सगळेच मीडियनच्या वर देणार आणि पुढच्या वर्षी मीडियनच वर सरकणार. ही शिडी अशी आहे की तिच्यावर चढणाऱ्याच्या वजनानेच ती उंच होते.

आणि आता कबुली. ती कमिटी मंगळवारी झाली आणि त्याच आठवड्यात गुरुवारी युनियनबरोबर बोलणी होती, त्यासाठीची बाजार-तुलनाही माझ्याच लॅपटॉपवर होती. त्या शीटमध्ये मी मोठ्या कंपन्या काढून टाकल्या होत्या ("त्यांचं ऑटोमेशन वेगळं आहे") आणि कंत्राटदारांकडची छोटी युनिटं घातली होती ("कामाचं स्वरूप तेच आहे"). मंगळवारी तुलना आपल्यापेक्षा मोठ्यांशी, गुरुवारी आपल्यापेक्षा लहानांशी. लॅपटॉप तोच, माणूस तोच. मला तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं, कारण दोन्ही फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या.

आता साहेबाचं पॅकेज इतकं कशाने फुगतं ते बघू. नुसत्या महिन्याच्या पगाराने नाही. मोठ्या कंपन्यांत निव्वळ पगार हा एकूण पॅकेजचा छोटा तुकडा असतो, खरा माल शेअर्समध्ये असतो, ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने पुढे शेअर घ्यायचा हक्क) किंवा काही वर्षांनी हातात पडणारे शेअर्स. याला एक मजेशीर इतिहास आहे. अमेरिकेत १९९३ साली कायदा केला की बड्या अधिकाऱ्याचा १० लाख डॉलरच्या वरचा पगार कंपनीला टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येणार नाही, पण कामगिरीशी जोडलेला असेल तर चालेल. हेतू लगाम घालायचा. झालं काय, तर कंपन्यांनी ऑप्शन्सची खिरापत सुरू केली, कारण ऑप्शन म्हणजे "कामगिरी", आणि १० लाख ही मर्यादा न राहता उलट अनेकांसाठी किमान दर झाला. २०१७ च्या टॅक्स कायद्यात ती कामगिरीची सूट काढून टाकली, तरी पॅकेजेस काही खाली आली नाहीत. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या अमेरिकी अभ्याससंस्थेच्या हिशेबाने तिथल्या बड्या कंपन्यांत १९६५ मध्ये सीईओला साध्या कामगाराच्या साधारण २० पट मिळायचे, गेल्या काही वर्षांत तो आकडा ३०० च्या आसपास फिरतोय.

शेअर्समध्ये पगार द्यायला तत्त्व म्हणून माझा विरोध नाही. मालकाचं आणि मॅनेजरचं हित एका दोरीला बांधायचं, कल्पना चांगलीय. पण दोरीचं दुसरं टोक कशाला बांधलंय ते बघायला हवं. साहेबाचा बोनस ज्या टार्गेटांवर ठरतो त्या यादीला स्कोअरकार्ड म्हणतात, आणि बऱ्याच स्कोअरकार्डांत ईपीएस असतो, म्हणजे एका शेअरमागे नफा. नफा १०० आणि शेअर १०० असतील तर ईपीएस १. आता कंपनीने स्वतःचेच १० शेअर बाजारातून परत विकत घेतले, ज्याला बायबॅक म्हणतात, की शेअर उरले ९० आणि नफा तोच १०० राहिला तरी ईपीएस १.११. अकरा टक्के वाढ! धंदा एक पैशाने वाढलेला नाही, पण टार्गेट पूर्ण, बोनस लागू, शेअर व्हेस्ट, म्हणजे साहेबाच्या हातात. अमेरिकेत १९८२ साली बाजार नियामकाने ठराविक अटी पाळल्या तर बायबॅकला भावात फेरफार धरणार नाही अशी मोकळीक दिली, तिथून हा प्रकार वाढला. २०२३ पासून त्यावर १ टक्का कर आहे, तो म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी.

आणि खरा पैसा शोधायचा तर तो इथे शोधा, साहेबाच्या पगारात नको. धरा की कंपनीचं सगळ्यांच्या पगाराचं बिल १०० आहे, नफा ८०, आणि त्यातले ५० डिव्हिडंड (शेअरहोल्डरांना वाटलेला नफा) आणि बायबॅकमध्ये गेले. सगळ्यांना ६ ऐवजी १० टक्के वाढ द्यायला जादा लागतात ४. ते ५० मधून ४६ झाले असते. गुंतवणूकदाराने ते ओरडून का होईना पचवले असते, पण त्याच्यासाठी कुणीतरी वरच्या खोलीत तसं म्हणायला पाहिजे, आणि तिथे बसलेल्या माणसाचं पॅकेज ५० वाढण्यावर अवलंबून आहे, ४ वाढण्यावर नाही. साहेबाचं पॅकेज महत्त्वाचं आहे ते या कारणासाठी. रक्कम म्हणून ते दीड टक्काच आहे, पण ते कशाशी जोडलंय त्यावरून बाकीचे ९८.५ टक्के कुठे जाणार ते ठरतं.

बाजू त्यांचीही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. मोठी कंपनी चालवणं सोपं नाही, एका चुकीच्या निर्णयाने जेवढं नुकसान होतं तेवढं शेकडो लोकांच्या चुकांनीही होत नाही, आणि असा माणूस मिळाला तर त्याला जास्त द्यावं यात मला काही गैर वाटत नाही. पण "सोडून जाईल" हे जे कारण असतं ना, ते फार ताणलेलं असतं. माझ्या डोळ्यांसमोर सोडून गेलेले बहुतेक साहेब बोर्डाशी पटलं नाही म्हणून गेले, किंवा वयाने गेले. उलट खालचा चांगला मेंटेनन्सवाला खरोखर दोन-चार हजारांसाठी सोडून जातो, आणि त्याच्यासाठी रिटेन्शन बोनस हा शब्द कुणी काढत नाही.

हे माणसं सोडून जाण्याचं गणित पूर्वी एकाने नीट केलं होतं, हेन्री फोर्डने. १९१३ मध्ये त्याच्या कारखान्यात वर्षाला ३७० टक्के माणसं बदलत होती, म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षात तीन-चार माणसं घ्यायची. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाचा पगार जवळपास दुप्पट करून ५ डॉलर केला आणि पाळी ९ वरून ८ तासांवर आणली. लोक त्याला दानशूर म्हणतात, पण ते दान नव्हतं, हिशेब होता. आणि एक बारीक गोष्ट विसरली जाते की त्या ५ डॉलरमधला जवळपास अर्धा भाग पगार नव्हताच, नफ्यातला हिस्सा म्हणून दिलेला होता, आणि तो मिळायला अटी होत्या, कामगार घरी कसा राहतो हेसुद्धा तपासायला माणसं जायची.

मग नफा खालच्या खोलीत आणता येतो का? येतो, काही देशांनी कायद्याने आणलाय. फ्रान्समध्ये १९६७ पासून नफ्यातला वाटा बंधनकारक आहे, आता ५० आणि त्यावर माणसं असतील तर, आणि त्याचं सूत्रच कायद्यात लिहिलंय: निव्वळ नफ्यातून भांडवलाचे ५ टक्के वजा करायचे, उरलेल्याचं अर्धं घ्यायचं आणि कंपनीने निर्माण केलेल्या मूल्यात पगारांचा जेवढा भाग असेल तेवढ्याने गुणायचं. भांडवलाला आधी त्याचं देऊन झाल्यावर उरलेल्यात वाटणी. मला हे सूत्र फार आवडतं कारण त्यात मेहेरबानीला जागा नाही. मेक्सिकोत करपूर्व नफ्याचे १० टक्के कामगारांना द्यावे लागतात, २०२१ मध्ये त्याला माणशी साधारण तीन महिन्यांच्या पगाराची मर्यादा घातली. भारतात १९६५ च्या बोनस कायद्याने ८.३३ टक्के किमान (म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार) आणि २० टक्के कमाल अशी चौकट घातली, फक्त हिशेबाला धरायच्या पगारावरच मर्यादा असल्यामुळे हातात येणारी रक्कम आक्रसून जाते. जर्मनीत दुसरीच वाट आहे. १९७६ च्या कायद्याने २,००० च्या वर माणसं असलेल्या कंपनीत देखरेख मंडळाच्या (मॅनेजमेंटवर लक्ष ठेवणारं वरचं मंडळ) अर्ध्या जागा कामगारांच्या, आणि २००९ पासून साहेबांचा पगार छोट्या कमिटीत न ठरता पूर्ण मंडळासमोर ठरवावा लागतो. म्हणजे नफा खाली आणण्यापेक्षा माणूस वर पाठवला.

पगाराच्या पटीवर थेट मर्यादा घालायचा प्रयत्नही झालाय. स्वित्झर्लंडमध्ये मार्च २०१३ मध्ये साहेबांच्या पगारावर शेअरहोल्डरांचं मत बंधनकारक करायला लोकांनी दोन-तृतीयांशाहून जास्त मतांनी होकार दिला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये "सगळ्यात वरचा पगार सगळ्यात खालच्याच्या १२ पटीहून जास्त नको" हा प्रस्ताव जवळजवळ तेवढ्याच जोराने पाडला. माणसं तीच, वर्ष तेच.

पट जाहीर करायचे नियम मात्र बऱ्याच ठिकाणी आलेत. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपन्यांना डायरेक्टरच्या पगाराचं मीडियन कर्मचाऱ्याशी प्रमाण द्यावं लागतं, अमेरिकेत २०१८ पासून येतंय, ब्रिटनमध्ये त्यानंतर वर्षभराने सुरू झालं आणि तिथे नुसता मीडियन नाही तर खालून एक-चतुर्थांशावर आणि तीन-चतुर्थांशावर येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगाराशी पण तुलना द्यावी लागते, ती जास्त उपयोगी. पण पट वाचताना सावध राहा. सफाई, सिक्युरिटी, कँटीन, पॅकिंग सगळं कंत्राटदाराला दिलं की ती माणसं कंपनीची उरतच नाहीत, मीडियन आपोआप वर सरकतो आणि पट सुधारतो. कुणाचाही पगार न वाढवता. म्हणून दुकानाची साखळी ५०० पट दाखवते आणि गुंतवणूक बँक १५० पट दाखवते तेव्हा बँक जास्त न्यायी आहे असं काही नसतं, तिथे खालची माणसं हिशेबातच नसतात.

तुमच्या त्या ४० टक्क्यांबद्दल पण जरा थांबा. ते कुठल्या आकड्याचे आहेत ते बघा. त्या वर्षी दिलेल्या शेअर्सची किंमत धरली असेल तर एक अर्थ, आणि चार-पाच वर्षांपूर्वीचे ऑप्शन त्या वर्षी एकदम वठवले असतील तर वेगळा अर्थ. दुसरा प्रकार असेल आणि तुम्ही मीटिंगमध्ये ४० टक्के ४० टक्के करत बसलात तर समोरचा एका वाक्यात तुमची हवा काढेल, मी काढलीय लोकांची.

त्यापेक्षा ॲन्युअल रिपोर्ट घ्या आणि पाच वर्षांचे तीन आकडे एका कागदावर लिहा: विक्रीतून कच्चा माल आणि बाहेरच्या सेवा वजा करून उरलेलं मूल्य, त्यातले कर्मचाऱ्यांवर किती गेले, आणि डिव्हिडंड-बायबॅकमध्ये किती गेले. कंत्राटी माणसांचा खर्च "इतर खर्च" मध्ये दडलेला असतो, तो शोधून बाजूला काढा. मग साहेबाच्या बोनसचं टार्गेट कशावर आहे ते पान शोधा, आणि मागणी अशी करा की तेच टार्गेट आमच्या करारात घाला. टक्केवारीवर तुम्ही वर्षभर भांडू शकता, पण "जे तुमच्या साहेबाला चालतं ते आम्हाला का नको" याला उत्तर देणं फार अवघड जातं.

हे मी माझ्या डोक्याने सांगत नाहीये. ज्या गुरुवारच्या बोलण्यांचं वर म्हटलं, तिथे युनियनच्या बाजूला एक म्हातारे मशीन ऑपरेटर होते, सगळे अण्णा म्हणायचे. माझं प्रेझेंटेशन शांतपणे ऐकलं आणि मग ॲन्युअल रिपोर्ट काढला, पान दुमडून ठेवलेलं. म्हणाले, "साहेब, ह्या चौदा कंपन्या तुम्हीच लिहिल्यात ना? ह्यांच्या साहेबांशी आमच्या साहेबांची तुलना केली. मग ह्यांच्याच ऑपरेटरशी आमची करा. तुमचे ते कंत्राटदार कुठनं आले मधेच?" मी पाणी प्यायलो आणि फोन करायला बाहेर गेलो.

करार शेवटी ८.५ टक्क्यांवर झाला, आणि त्याच्यावर वर्षाला एक रक्कम, साहेबांच्या स्कोअरकार्डातलाच ऑपरेटिंग नफ्याचा आकडा गाठला तर. पहिल्या वर्षी सगळ्यांना चांगली मिळाली. दुसऱ्या वर्षी मंदी आली, टार्गेट हुकलं, रक्कम शून्य. अण्णांचा मला फोन आला, आवाजात राग वगैरे काही नाही. "करार म्हणजे करार, शून्य तर शून्य. फक्त तेवढं बघून सांगा, वर पण शून्यच आलंय ना?"

बघितलं. तळटीपेत होतं: असाधारण बाजारस्थिती लक्षात घेऊन कमिटीने आपल्या अधिकारात टार्गेट सुधारलं आणि ६० टक्के बोनस मंजूर केला. पुढच्या करारात युनियनने पगाराचा टक्का लिहायच्याही आधी एक ओळ घालून घेतली, की वरचं टार्गेट बदललं तर खालचंही त्याच तारखेपासून बदलेल.